जपानी राजाला मराठी शिकवताना

आमच्या ऑफिसात फायलींचा बॅकअप रोज आठवणीने घ्यावा लागतो. किश्शांचा घ्यावा लागत नाही. ते आपोआप साठतात, आणि चहाला जो भेटेल त्याच्या डोक्यात एकेक कॉपी जाऊन बसते!

मी क्योटोत पाच वर्षं शिकले आणि एकच हट्ट घेऊन पुण्यात परत आले. ज्या जपानी गेममध्ये आपण नायक होऊन गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो, राक्षस मारतो, ते रोल-प्लेइंग गेम मराठीत आलेच पाहिजेत! असे गेम काढणाऱ्या टोकियोतल्या एका कंपनीला मी इतक्या मेल पाठवल्या की शेवटी कंटाळून त्यांनी कळवलं, "एक प्रकरण मराठीत करून दाखवा." पसंत पडलं तर अख्खा गेम मराठीत. नाही पडलं तर मराठीचं नाव यादीतून कायमचं बाद.

कर्वेनगरात पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं कामाला लागलो. मी, वर्ध्याची वैशाली, जी गेम खेळून त्यातल्या चुका शोधते, आणि निवृत्त मराठी शिक्षक जोगळेकर सर, जे आमच्या चुका शोधतात.

---

अशा गेममधल्या गावकऱ्याला कितीही वेळा भेटा, तो एकच वाक्य बोलतो. आमच्या प्रकरणातला म्हातारा गावकरी म्हणायचा, "उत्तरेच्या गुहेत धोका आहे."

सरांनी त्याला आणखी दोन वाक्यं दिली. दुसऱ्यांदा विचारलं तर, "आत्ताच सांगितलं." तिसऱ्यांदा विचारलं तर, "कान तपासून घ्या."

"सर, मूळ गेममध्ये तो तिन्ही वेळा तेच सांगतो."

"मराठी माणूस तिसऱ्यांदा तेच सांगेल?"

वैशाली म्हणाली, "आमच्या इकडं सांगतेत ना सर, अन् वरून चहा पाजतेत!"

"मग ते गाव वर्ध्याजवळ दाखवा," सर म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

---

जपानी भाषेत शब्दांना लिंग नसतं. त्यामुळे हत्यार मोडलं की गेममध्ये एकच तयार वाक्य येतं, फक्त सुरुवातीला हत्याराचं नाव बदलतं. आम्ही त्याचं मराठी केलं, "अमुक तुटला." भाला तुटला, खंजीर तुटला, सगळं झकास. मग पडद्यावर आलं, "तलवार तुटला!"

सरांनी चष्मा काढून ठेवला. "हे मी वाचलेलं नाही," म्हणाले.

वाक्य बदलायला टोकियोची परवानगी लागणार होती आणि ती यायला महिना. सरांनी दहा मिनिटांत मार्ग काढला. सगळी शस्त्रं पुल्लिंगी! भाला, सुरा, खंजीर, सोटा, जांबिया.

टोकियोहून विचारणा आली, "मराठी नायकाकडे तलवार का नाही?"

मी खरं तेच कळवलं. "व्याकरणात अडकली."

---

नायकाचा सोबती मेला की मूळ गेममध्ये त्याच्या नावाआधी 'मृत' असं एकाच जपानी चिन्हात दाखवतात. आमच्या वाट्याला तेवढीच जागा. 'मृत' बसेना, 'मेला' तर नाहीच नाही.

सर म्हणाले, "कै. लिहा की."

बसलं! लढाईत पडला की 'कै. केन्जी'. औषध पाजलं की 'कै.' गायब. आता जिवंत सोबत्यांची ती जागा रिकामी दिसायला लागली, म्हणून सरांनी तिथे 'चि.' टाकलं.

पुढे एकदा वैशाली लढाईच्या मधेच ओरडली, "सर, हा मघापासून चि., कै., चि., कै. करतोय!"

"त्याला म्हणावं, एकदा काय ते ठरव. पत्रिका छापायला टाकायच्यात."

---

वैशालीने एकदा चुकांच्या वहीत लिहिलं, "पुलावरून चालताना नायक बुडून राहिला."

सरांनी अर्थ लावला, नायक बुडाला आणि तळाशीच राहिला, वर येत नाही. मी तसं टोकियोला कळवलं. त्यांनी तीन दिवस खपून पाणी दुरुस्त केलं.

"अवो, बुडून राहिला म्हणजे बुडतो आहे!" वैशाली कपाळावर हात मारून म्हणाली. "पूल पोकळ आहे ना, पाय आरपार जातेत! पाण्याला काय झालंय?"

"आता काहीच नाही," सर म्हणाले. "उत्तम झालंय पाणी."

---

मग निकालाचा दिवस आला. टोकियोचे भाषाप्रमुख मोरी-सान व्हिडिओ कॉलवर होते. त्यांना मराठी येत नाही, म्हणून त्यांची अट साधी होती. जन्मात कधी गेम न खेळलेलं माणूस खेळायला बसवा. तासभर ते आपणहून उठलं नाही, तर मराठी पास.

सर घरून आपल्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना घेऊन आले. काकूंनी भाजीची पिशवी मांडीवर ठेवली आणि गेमचा कंट्रोलर हातात धरला.

पहिल्याच दृश्यात सिंहासनावरचा राजा विचारतो, "आपण माझं राज्य वाचवाल का?" खाली दोन पर्याय, हो आणि नाही. 'नाही' दाबलं तर तो पुन्हा विचारतो. मग लोक हसून 'हो' म्हणतात आणि गेम सुरू होतो.

काकूंनी 'नाही' दाबलं.

राजाने पुन्हा विचारलं. काकूंनी पुन्हा 'नाही' दाबलं.

"अगं, 'हो' म्हण की एकदा!" सर कुजबुजले.

"का म्हणून? ओळख ना पाळख. स्वतः चांगला धडधाकट बसलाय!"

"काकू, तो राजा आहे," मी म्हटलं.

"मग सैन्य कुठे गेलं त्याचं?"

दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. नाही. नाही. नाही. वैशाली हात जोडून म्हणाली, "काकू, दाबा ना जी!" मोरी-सानांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. आमची सात महिन्यांची मेहनत त्या एका 'हो'च्या पलीकडे होती आणि ती कोणाला दिसणारच नव्हती. मी मनातल्या मनात यादीतून मराठी खोडून टाकली.

तास भरला. मोरी-सानांनी घसा खाकरला. "त्या उठल्या नाहीत," ते जपानीत म्हणाले. "मराठी पास."

मी किंचाळले. वैशालीने सरांशी हात मिळवला, सरांनी चक्क मिळवू दिला!

"काकू, जिंकलो आपण! उठा आता!"

"थांब गं," पडद्यावरची नजर न हलवता काकू म्हणाल्या. "हा अजून ऐकत नाहीये."

आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

या वेळी राजाने विचारलं नाही. तो उठला. मुकुट काढून सिंहासनावर ठेवला, पायऱ्या उतरला आणि एकटाच दरवाजातून बाहेर चालू लागला. हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मोरी-सान खुर्चीतून उभे राहिले होते, म्हणजे त्यांनीही नव्हतं.

काकूंनी कंट्रोलर खाली ठेवला, पिशवी उचलली.

"आणि जाताना दार ओढून घे म्हणावं."