सात नंबरची फांदी

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांना झाडं ओळखता येतात, असा लोकांचा गोड गैरसमज असतो. वीस वर्षं तोच धंदा करून सांगतो, आम्हाला फक्त नावं येतात. ती सगळी अस्सल लॅटिन आहेत अशी आमची समजूत असते आणि त्या समजुतीवर निवृत्तीपर्यंत पगार निघतो.

धुळ्याच्या ज्या कॉलेजात मी लागलो, तिथले विभागप्रमुख 'टॅमरिंडस इंडिका' म्हणताना असे डोळे मिटत, की समोर चिंच नसून देवीच उभी आहे असं वाटावं. या नावात अरबांचा 'तमर हिंदी', म्हणजे हिंदचा खजूर, दडलाय आणि त्यापुढे परत इंडिका लावलंय, असं मी एकदा चहा पिताना त्यांना सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि हे सिलॅबसमध्ये आहे का, असं विचारलं. नव्हतं. पांझरा नदीच्या काठच्या बाभळीला आम्ही 'निलोटिका', नाईलकाठची, म्हणून शिकवायचो आणि ही नाईल कुठली, असं एकालाही विचारावंसं वाटायचं नाही. रावेरहून ट्रकात कोंबून जाणारी केळी आमच्या वहीत 'पॅराडिसिआका', स्वर्गातली. धोतऱ्याचं 'डटूरा' हे तर आपलंच संस्कृत नाव, टोपी घालून घरी परतलेलं, पण त्यालाही आम्ही साहेब समजून उठून उभे राहायचो. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, अशी आमच्या विभागाची गत होती.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत टेबलावर दहा फांद्या मांडलेल्या असत. प्रत्येकीपुढे नंबराची चिठ्ठी. मुलांनी पाहायचं, नाव आणि कुळ लिहायचं. पण दरवर्षी त्याच दहा फांद्या, त्याच क्रमाने. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना जाताना यादी देऊन जायची, त्यामुळे फांदीकडे पाहायची गरज विद्यार्थ्यांना नव्हती आणि तपासणाऱ्यांनाही नव्हती. सात नंबर म्हणजे कडुनिंब, 'अझाडिरॅक्टा इंडिका'. सगळं कसं सुखाने चाललं होतं.

एका वर्षी कॉलेजने दुचाक्या लावायला जागा हवी म्हणून आवारातला कडुनिंब तोडला. प्रयोगशाळा सांभाळणारे नाना परीक्षेच्या सकाळी फांदी शोधत हिंडले आणि मागच्या भिंतीलगतच्या, कडुनिंबासारख्याच दिसणाऱ्या बकाण निंबाची तोडून घेऊन आले. नानांना दोन्हीतला फरक चांगला ठाऊक होता. पण सातव्या चिठ्ठीपुढे काहीतरी हिरवं ठेवायचं असतं, हेही त्यांना आमच्याकडे पाहून समजलं होतं.

सोनगीरकडच्या एका खेड्यातून येणारी एक मुलगी त्या वर्षी शेवटच्या वर्षाला होती. तिला एम.एस्सी.ला जायचं होतं. घरून अट एकच होती, फर्स्ट क्लास आला तर पुढे, नाहीतर लग्न. सगळ्या वर्गात ती एकटी फांदीपुढे वाकली, पान उलटून पाहिलं आणि 'मेलिया ॲझेडरॅक' लिहून आली.

तोंडी परीक्षेत विभागप्रमुखांनी तिचा कागद बाहेरून आलेल्या परीक्षकांना दाखवला आणि दोघे मनसोक्त हसले. ती घाबरली नाही. कडुनिंबाचं पान एकदाच फुटतं, याचं फुटून परत फुटलंय, म्हणून हा बकाण, असं तिने सांगितलं. मग विचारलेलं नसतानाही म्हणाली, की दोन्ही नावं एकाच फारसी शब्दावरून आलीत, 'आझाद दरख्त', म्हणून लोक गफलत करत असतील. आमच्या गल्लीत उर्दू बोलणारे आहेत, दरख्त म्हणजे झाड, हे मला लहानपणापासून माहीत आहे, असंही ती म्हणाली.

"ही लॅटिनची परीक्षा आहे, उर्दूची नाही," विभागप्रमुख म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय हो, काय आहे सात नंबरला?"

फांदी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. पान दोनदा फुटलेलं मला स्वच्छ दिसत होतं. त्या वर्षी मी नोकरीत कायम व्हायचा होतो आणि माझ्या कागदावर त्यांची सही बाकी होती.

"कडुनिंब," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. मी कायम झालो, पुढे जळगावला बदलून आलो आणि मुलांना नावांचे अर्थ रंगवून सांगणारा प्राध्यापक म्हणून थोडाफार नावाजलो. विभागप्रमुखांची मला आजही किळस येते. पण ते बिचारे आंधळे होते, त्यांनी पानाकडे पाहिलंच नव्हतं.

गेल्या वर्षी धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हायवेलगतच्या एका रोपवाटिकेत थांबलो. मला दारापुढे लावायला कडुनिंब हवा होता. रोपांना पाणी घालणाऱ्या बाईने वर पाहिलं आणि मी तिला ओळखलं. तिने मला माझ्याआधी ओळखलं असावं. ती आत गेली, दोन रोपं आणून माझ्यापुढे ठेवली आणि यातला कडुनिंब कोणता, एवढंच विचारलं.

मी डावीकडचं दाखवलं. ते बरोबर होतं.

"मंग तुम्हले तवय बी माहीत व्हतं ना, सर?" तिने शांतपणे विचारलं.

मी हो म्हणालो. तिने रोप पिशवीत घालून माझ्या हातात दिलं, एक दिवसाआड पाणी घाला म्हणून सांगितलं आणि परत नळी उचलली.