वैशालीनं सोडलेली मासळी

नवऱ्याला सांगितलं नाही, माहेरी आईला सांगितलं नाही, देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हाही सांगितलं नाही — तिथं तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून आज तोंड उघडतेय. तरी सरळ मुद्द्यावर येईन असं समजू नका. जिभेला सवय नाही.

दिवेआगरला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली. उरलेल्यावर घर चालेना, म्हणून पाहुण्यांसाठी खोल्या वाढवल्या, आणि खोल्या वाढल्या तशी ताटंही वाढली. घरात आम्ही दोन सुना — मी थोरली आणि वैशाली धाकटी. जावा जावा उभा दावा, म्हणतात. तिच्याकडून कधी दावा नव्हता. आणि माझ्याकडून?

तेच तर सांगायचंय. नारळ मी खवायचे, तांदळाच्या भाकऱ्या मी थापायचे, सकाळचे घावणेही माझेच. वैशाली मासे करायची. जेवून उठलेले पाहुणे स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि विचारायचे, कालवण कुणी केलं? मग तिच्याबरोबर फोटो. भाकरीबरोबर कुणी कधी फोटो काढलाय? ती बिचारी दर वेळी मला पुढं ओढायची, ताईंनी नारळ खवला म्हणून चव आली म्हणायची. त्याचाच मला जास्त राग यायचा. चांगुलपणाचा राग येतो हो माणसाला. तुम्हाला कधी आलाय?

मग माझ्या उजव्या मनगटावर, पाठच्या बाजूला, गाठ आली. आधी वाटाण्याएवढी होती, पुढं चांगली सुपारीएवढी झाली. हात मुडपला की कळ यायची. आमच्या घरात गाठ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. सासूबाईंनी छातीतली गाठ लाजेनं लपवली होती. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मुंबईच्या इस्पितळात शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी वैशालीच होती. त्यांना भरवणं, पुसणं, धरून बसणं, सगळं तिनं केलं. त्यामुळे माझं मनगट बघितल्यावर तिचा चेहरा कसा झाला असेल, ते सांगायला नको.

आमचे हे मला अलिबागला डॉक्टरांकडे घेऊन गेले, पण आत यायचा धीर त्यांना झाला नाही. आईच्या वेळचं सगळं आठवलं असणार. बाहेर बाकावर बसून राहिले, आणि मी एकटीच आत गेले.

डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली, हलवून पाहिली. खोलीतला दिवा मालवून मनगटाला बारीक टॉर्च लावली, तर गाठ आतून लालसर उजळली. मला म्हणाले, "याला गँग्लिऑन म्हणतात. सांध्याजवळ घट्टसर पाणी साठतं. हा कॅन्सर नाही, आणि याचा पुढं कॅन्सर होतही नाही." दुखत नसती तर हातही लावला नसता, म्हणाले. दुखतेय म्हणून सुई घालून पाणी काढलं. पेजेच्या निवळीसारखं दाट आणि स्वच्छ होतं ते. पुन्हा भरेल कदाचित, घाबरू नका, फक्त घरी दाबत-ठोकत बसू नका, असंही सांगितलं. आणि कुठलीही गाठ एकदा दाखवून घ्यावी, तुम्ही आलात ते बरं केलंत, म्हणाले. तपासायला काही पाठवायचं नव्हतं. रिपोर्टबिपोर्ट काही नव्हता.

मी बाहेर आले. मनगटाला पट्टी होती. हे उठून उभे राहिले आणि माझ्याकडे असे बघायला लागले — लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं त्यांनी.

मी म्हटलं, "पाणी काढून तपासायला पाठवलंय. रिपोर्ट आल्यावर कळेल."

का म्हटलं? दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती, खोल्या भरलेल्या होत्या, हाताला विश्रांती हवी होती — ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली. ती अर्धीच खरी आहेत. विश्रांती मागितली असती तर मिळाली असती. मला वैशालीला घाबरलेलं बघायचं होतं. एकदा तरी घर माझ्याभोवती फिरावं, आणि तिनं माझ्यासाठी राबावं. हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

आणि ती राबली. भाकऱ्या, नारळ, घावणे, मासे, सगळं एकटीनं. माझ्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा घेऊ दिला नाही. हे सकाळचा चहा खाटेवर आणून द्यायचे. मी पडवीत बसून आयतं खायचे. कुणी विचारलं की नजर खाली घालायची, एवढंच माझं काम. बोलावंही लागत नव्हतं. भिंतीपलीकडे वैशाली भांडी घासताना मुसमुसायची. मी ऐकायचे. उठून आत जावं आणि सांगून टाकावं, एवढंच करायचं होतं. पण रोज वाटायचं, उद्या सांगू. रिपोर्टला उशीर लागतो, एवढं ह्यांना एकदा सांगून ठेवलं होतं, आणि असं करत दोन महिने गेले.

नाताळचे पाहुणे गेले तेव्हा मी जाहीर केलं — डॉक्टरांचा फोन आला होता, गाठ साधी आहे. ह्यांनी तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि वाडीत निघून गेले. वैशाली मात्र होती तिथंच, चुलीसमोर खाली बसली. रडत-रडत हसली.

"ताई, देवीनं ऐकलं माजं. मी बोलले व्हते तिला — ताईंची गाठ साधी निघू दे, जल्मात मासळी खानार न्हाय."

तुम्ही किनाऱ्यावरचे नसाल, तर याचा अर्थ कळायचा नाही. वैशालीला सुक्या जवळ्याशिवाय सकाळची भाकरी जायची नाही. घरात माशाचं मुंडकं तिचं, हे ठरलेलं. पोरंसुद्धा त्यावर हक्क सांगायची नाहीत. काटे चोखत बसायची आणि आम्ही तिला मांजर म्हणून चिडवायचो. त्या बाईनं मासळी सोडली. त्या दिवसापासून डाळ-भात आणि लोणचं. पाहुण्यांसाठी सुरमई तळते, बोंबील तळते, आणि शेवटी स्वतःचं वेगळं ताट घेऊन माझ्या शेजारी बसते. मी मासे खाते. हो, खाते. सोडले असते तर निदान तेवढं तरी सांगायला झालं असतं.

मागच्या उन्हाळ्यात गाठ परत आली. डॉक्टर म्हणाले होते तशीच, त्याच जागी. मला भीती नव्हती. मी वैशालीला लगेच सांगितलं की ही परत भरते, तिच्यात वाईट काही नसतं. एवढं खरं बोलले. ती ऐकत होती, पण तिचं चित्त दुसरीकडंच होतं. मग हळूच म्हणाली, चूक तिचीच आहे. कालवण करताना मीठ बघायला म्हणून तिनं रस्सा जिभेला लावला होता. खाल्लं नव्हतं, नुसता लावला होता. देवीला तेवढंही चाललं नाही, म्हणाली. माझ्यामुळं तुम्हाला परत भोगावं लागतंय, असं म्हणत माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं आणि उठवलं.

त्या क्षणी शब्द ओठावर होते. तुझ्यामुळं मला काहीच भोगावं लागलेलं नाही, वैशाली. तू नवस बोललीस त्याच्या कितीतरी आधी गाठ साधी होती, आणि ते मला ठाऊक होतं. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, पुढं सांभाळ.

पुढं सांभाळ! असं म्हटलं मी तिला.

ती सांभाळते. आता रस्सा जिभेला लावत नाही. वासावर आणि अंदाजावर करते, आणि चव बघायला मला हाक मारते. काल कोळंबी होती. पाहुणे पानावर बसायचे होते. तिनं पळीतला थोडा रस्सा माझ्या तळहातावर घातला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"मीठ बराबर हाय का, ताई?"

मी तळहात चाटला, आणि बरोबर आहे म्हटलं.