खंडेनवमीचा घण

व्यंकट वेल्डरचं डोकं त्याच्या गॅसकटरपेक्षा लवकर पेटतं, हे नांदेडात आमच्या गल्लीला ठाऊक आहे. माझं रंगाचं दुकान त्याच्या शेडला लागून. माझ्या शटरला जो पोचा आहे, तो त्यानं फेकलेल्या पान्याचा. पण कामाला हात सोन्याचा. म्हणून मी त्याच्याशी भांडतो आणि चहाही त्याच्याबरोबरच पितो.

हल्ली कॅफेचं नवं खूळ आलंय. बसायला एसटीच्या भंगारातल्या सीटा, टेबलाला तेलाचे ड्रम, भिंतीला गंजका पत्रा. आमचा जन्म गंज घासण्यात गेला, आता लोक गंजावर वार्निश मारून घेतात. मला काय, वार्निश माझ्याच दुकानातून जातं. लातूरच्या मनिषाताईंनी समोरच्या गोदामात असाच कॅफे काढला आणि लोखंडाचं सगळं काम व्यंकटला दिलं. दसऱ्याला उद्घाटन होतं.

उद्घाटन तोंडावर आलं आणि टेम्पोतून एक भलंमोठं दातेरी चाक उतरलं. हदगावकडच्या कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्यातून झाकणासकट भंगारात घेतलेलं. ते काउंटरमागे लावायचं होतं. व्यंकटनं त्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. आमच्याकडचा कारागीर लोखंडाला हात घालण्याआधी असंच करतो. मग तो कॅफेतच ग्राइंडरनं गंज काढायला बसला, आणि झाकणाच्या पत्र्यावर छिन्नीनं फाडल्याची वेडीवाकडी खूण निघाली.

ती खूण त्याच्या बापाच्या छिन्नीची होती, तिची गोष्ट त्यानं लहानपणापासून ऐकली होती. पिराजी त्याच जिनिंगात फिटर होता आणि व्यंकटची आई सगुणाबाई मशीनवर कापूस घालायला. एका खंडेनवमीला मालकानं मशीनची पूजा केली, नारळ फोडला आणि कापूस साचलाय म्हणून लगेच पट्टा चालू करायला लावला. त्या दिवशी हत्यार चालवत नसतात, पण मालकापुढं बोलणार कोण? सगुणाबाईचा पदर दात्यांत गेला, मागोमाग उजवा हात. पिराजीनं पत्रा फाडून बायको सोडवली, पण कोपरापासून हात आतच राहिला. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं, असं तो मरेपर्यंत मला सांगायचा.

"ह्याच्या पाया पडलो मी," एवढंच व्यंकट म्हणाला आणि त्यानं घण उचलला. झाकण चेपलं, काउंटरची काच उडाली, ड्रमचं टेबल आडवं झालं. मनिषाताई मधे आल्या तर त्यांना असं ढकललं की लोखंडाच्या कडेवर कपाळ फुटलं. मी मागून मिठी मारून धरलं, तर कोपर माझ्या तोंडावर बसलं. माझा एक दात अजून हलतो.

मनिषाताई टाके घालून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. "वाईट झालं हो," त्या म्हणाल्या, "पण माझं कपाळ का फुटावं? त्याच्या माफीचा काय भरवसा? उद्या त्याच्या आईनं येऊन माफी मागावी, नाहीतर मी पोलिसात जाते." त्यांचंही खरंच होतं. चाक मात्र त्यांनी दुसऱ्या माणसांकडून भिंतीला लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगुणाबाई आली, मागे मान खाली घालून व्यंकट. तिनं सरळ मनिषाताईंचे पाय धरले.

"लेकराला पदरात घ्या, बाई."

"उठा मावशी. झालं, सोडलं मी."

लेक वाचला. सगुणाबाई उठली, वळली आणि तिला चाक दिसलं. झेंडूची माळ, वर ताजं हळदीकुंकू.

"व्यंकट, घण आण."

"माय, झालं की आता. चल घरी."

"आण म्हन्ले न्हवं."

त्यानं आणला. मला राहवलं नाही. "मावशी, आज खंडेनवमी हाय. आज हत्यार उचलत न्हाईत."

"त्या दिवशीबी हुती," ती म्हणाली.

डाव्या मुठीत दांडा, खालून थोट्या हाताचा आधार. मनिषाताईंनी कपाळाच्या पट्टीवर हात ठेवला आणि बाजूला सरकल्या. पहिल्या घावाला माळ तुटली. दुसऱ्याला सगुणाबाई स्वतःच कोलमडली, व्यंकट धावला तर त्याला तिनं शिवी घालून लांब ठेवलं. बीडाचं लोखंड वाकत नाही, फुटतं. तिसऱ्या घावाला चाक फुटून खाली आलं, आणि तरी ती मारत राहिली.