समासातला अंगठा

जुन्या शिळाछाप चित्राच्या समासातला अंगठ्याचा ठसा मी मळ समजून खोडरबराने पुसायला घेतला. संग्रहालयात छापील चित्रं सांभाळण्यात अख्खी नोकरी गेली, तरी हा पराक्रम केलाच. चार वेळा घासून झाल्यावर भिंग लावलं आणि खोडरबर लांब सारलं. तो मळ नव्हता, छपाईची शाई होती. दगडावरून कागद उचलताना छापणाऱ्याचा अंगठा तिथे टेकला असणार.

चित्रातल्या लक्ष्मीच्या पायाशी चित्रकाराचं नाव आहे, छापखान्याचंही आहे. छापणाऱ्या माणसाचं मात्र एवढंच उरलेलं, आणि तेच मी पुसायला निघालो होतो! मी तर जन्मभर हातमोजे घालून वावरलो. माझं एवढंही मागे राहायचं नाही.

चित्रांची डागडुजी करणाऱ्या शैलाताईंना घाबरत घाबरत बोलावलं. त्यांनी कागद उजेडात तिरपा धरला. "शाई पक्की आहे. नुसती धूळ गेलीय."

मी मटकन खुर्चीत बसलो आणि हसतच सुटलो. अंगठ्याची रेघ न् रेघ आता लख्ख दिसत होती.

"हसताय काय, सर?" शैलाताई म्हणाल्या. "वाळवीतून वाचलंय हे चित्र. आता तुमच्या निवृत्तीपर्यंत टिकलं म्हणजे झालं."