ठोका सापडला तेव्हा

ताईंनी पुन्हा एकदा तपासलं. ठोका होताच. दूरच्या दीर्घिकेतल्या त्या स्रोताचे क्ष-किरण सेकंद-सव्वासेकंदाला उसळत होते, नाडीसारखे.

दुर्बिणींच्या नोंदी चाळण्यात ताईंची उमेदीची वर्षं गेली होती. हा स्रोत लाखो सूर्यांइतका तळपतो आणि एवढी आग फक्त कृष्णविवराच्या तोंडाशीच पेटते, असं विभागप्रमुख सर वर्षानुवर्षं सांगत आले होते. पण कृष्णविवराला असा ठोका नसतो. तो असतो न्यूट्रॉन ताऱ्याला. म्हणजे शहराएवढा आक्रसलेला, गरगर फिरणारा मेलेला तारा, जो शेजारच्या ताऱ्याचे लचके तोडून अंगावर ओढून घेतो.

सरांनी आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"घड्याळ बिघडलंय."

"दोन दुर्बिणींची घड्याळं एकदमच कशी बिघडतील, सर?"

सरांनी टेबलावरचं पितळी सन्मानचिन्ह उचललं आणि संगणकाच्या पडद्यावर हाणलं. काचा उडाल्या. ताई दाराकडे वळल्या, तोच मागून केस खेचले गेले.

"माझं आयुष्य मातीत घालतेस?"

ताईंचं कपाळ टेबलाच्या कडेवर आदळलं. मग पुन्हा. डोळ्यांत रक्त उतरलं. हाताला सरांचं मनगट लागलं तसं ताईंनी त्यात कचकचून दात रुतवले. सर किंचाळले, पण केस सुटेनात. शेवटी पहारेकऱ्याने धावत येऊन सरांना खाली पाडलं.

घरी नवरा पाना घेऊनच निघाला. "हातपाय मोडतो त्याचे!"

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "तू तुरुंगात गेलास तर हिची जखम कोण धुणार? मी? मला रक्त बघून भोवळ येते!"

संचालक दवाखान्यात आले, मऊ आवाजात म्हणाले, "संस्थेची अब्रू आहे, ताई. चक्कर येऊन पडलात असं सांगू या."

"टेबलानं माझे केस धरले होते का?"

संचालक उठून गेले. ताईंनी टाके ओले असतानाच पोलिसांत जबाब दिला. पुढे कोर्टातही सगळं तसंच सांगितलं, आवाज न चढवता. सरांना कैद झाली.

शोधनिबंधावर मात्र ताईंनी सरांचंही नाव घातलं. नवरा भडकला. "त्या राक्षसाचं?"

"दुर्बीण तिकडे वळवली त्यानंच. मला मारलं म्हणून तेवढं खोटं होत नाही."



निबंधाचं नाव झालं, देशोदेशीची माणसं ताईंना ऐकायला येऊ लागली. पण पाठीमागे खुर्ची सरकली तरी त्यांच्या अंगावर सर्रकन काटा येई. अखेर त्यांनी आपली पाठ भिंतीकडे येईल असं टेबल फिरवून घेतलं. खोलीत शिरणारं प्रत्येक माणूस आता समोरून दिसतं.