बोळ, गाढव आणि परात

माझ्या घरामागे एक गाढव, नऊ कुत्रे, एक तिरप्या पायाची बकरी आणि जागेवर थांबत नाहीत म्हणून मोजता न येणारी मांजरं आहेत. यातलं एकही मी मागून आणलेलं नाही. कुणाची बदली होते, कुणाच्या घरी बाळ येतं, कुणाला पिल्लू हवं असतं पण त्याचा कुत्रा झालेला नको असतो. "काकू, दोनच दिवस ठेवा," म्हणतात. त्या दोन दिवसांना आता सहा वर्षं झाली.

पण मी फुकट काही घेत नाही आणि फुकट काही देत नाही. गोंदियाच्या गल्ल्यांतून डोक्यावर टोपलं घेऊन "पुराने कपडे दो, बर्तन लो" ओरडत मी उभी राहिले. साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधायची सवय तेव्हाची, ती आता माणसांनाही लावते. जनावर सोडायला आलेल्याकडून चादरी, गोधड्या उतरवून घेते. देखणं पिल्लू न्यायला आलेल्याच्या गळ्यात एक काणं मांजर बांधते. "पातेल्यासंगं झाकण घ्याच लागते," सांगते. लोक कुरकुरतात आणि घेतात.

हे सगळं चालतं ते एका बोळीच्या जोरावर. वाटणीत थोरल्या जावेने पुढचं घर ठेवलं आणि मला मागचा गुरांचा कोठा दिला. "तुले कायले पाहिजे मोठं घर? तू त दिवसभर गल्लीतच राहते," असं चार माणसांत म्हणाली. ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. कोठ्याचं घर केलं, बाजारात भांड्यांचं दुकान टाकलं, नवऱ्याला तिथे बसवलं. पण घरी यायची वाट एकच, जावेच्या भिंतीला लागून जाणारी बोळ. ती तिच्या नावावर. माझा हक्क कुठल्याच कागदावर नाही.

गेल्या हिवाळ्यात तिने बोळीसाठी लोखंडी गेट बनवून आणलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले," ती म्हणाली. "त्याच्या अगोदर गेट लागते. कुलूप मी ठेवीन. तुम्ही मागच्या शेताच्या धुऱ्यावरून जात जा."

"मी जाईन. गाढव त्या वीतभर बांधावरून कसं आणू?"

"गाढव कायले पाहिजे?"

गेट लागलं असतं तर चाऱ्याचा ठेला आत आला नसता, जनावरांच्या डॉक्टरची मोटरसायकल आली नसती, आणि महिन्याभरात माझी सगळी पंगत फुलचूरच्या रस्त्यावर बसली असती. मला राग आला. राग आला की माझा हात जवळच्या भांड्यावर जातो. त्या दिवशी परात सापडली. स्टीलच्या झाऱ्याने तिच्यावर दोन दणके घातले आणि मागून गाढवाने सूर लावला.

ते वीटभट्टीवाल्यांनी लंगडं झालं म्हणून सोडलेलं गाढव. जेवणाच्या वेळी मी परात वाजवते, म्हणून परात वाजली की त्याला वाटतं वाढलं. मग ते अख्ख्या वस्तीला सांगतं. त्याच्या मागे नऊ कुत्रे. जाऊ कानांवर हात ठेवून घरात पळाली, आणि विकायला माझ्याकडे काय माल आहे ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मी तिच्या ओसरीवर जाऊन बसले.

"बाई, पाहुण्यांच्या दिवशी माझ्याकडून आवाज येणार नाही. बदल्यात बोळ कायमची खुली, असं लिहून द्या."

"देतो न. पहिले पोरीचं जमू दे."

"पहिले कागद."

"माह्यावर भरोसा नाही का वो तुले?"

"चार माणसांत बोलल्यापासून नाही."

ती उद्या-उद्या करत राहिली, गेटही भिंतीला टेकलेलंच राहिलं. रविवार उजाडला. बिरसीकडचे पाहुणे आले, मुलगा, त्याची आई आणि सगळं माहीत असलेला एक मामा. मी पहाटेपासून कुत्र्यांना इतकं खाऊ घातलं होतं की ते आडवे पडले होते. मग कंबरेवर परात घेऊन मी जावेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी राहिले. ती पोहे वाढत होती.

"काऊन आली?" ती दातांतून बोलली. "पाहुणे बसून राहिले."

"म्हणून तर आले."

ओट्यावर कागद ठेवला, वर पेन ठेवला. मजकूर मी घरीच लिहिला होता, फक्त सही बाकी होती. तेवढ्यात पुतणी चहाचा ट्रे न्यायला आली. तिने कागद पाहिला, परात पाहिली आणि ओठ दाबून धरले. आईची नजर चुकवून आपल्या वाट्याची पोळी माझ्या मांजरांना घालणारी हीच.

"आई, कर न सही. चहा थंडा होऊन राहिला."

जावेने माझ्या हाताकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि सही केली. तिच्या बोटांची पोह्यांची हळद कागदावर उमटली आहे. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आहे.

आठवड्यात लग्न ठरलं. मुलाची आई म्हणाली म्हणे, घर किती शांत आहे, पोरगीही तशीच असेल. अजून तिने पोरीला बोलताना ऐकलं नव्हतं.

लग्नाच्या आधी जाऊ आणि मी एका सुपात तांदूळ निवडत बसलो होतो. मान वर न करता ती म्हणाली, "त्या दिवशी तुह्या हातात चाटू होता. लाकडाचा."

खरं होतं. झारा मी घरीच ठेवून गेले होते. राग आला की माझा हात मला विचारत नाही, आणि गाढवापायी पुतणीचं लग्न मोडायचं नव्हतं. लाकडाने परात वाजवली तर गाढव कानही हलवत नाही.

"दिसलं होतं त सही काऊन केली?" मी विचारलं.

"पोहे थंडे होऊन राहिले होते," ती म्हणाली आणि सुपातला खडा उचलून टाकला.

मी पुढची मूठ निवडायला घेतली, पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. म्हणजे ती तशीही देणारच होती. तिच्या अंगणातल्या नळाचं पाणीही मी त्याच कागदावर लिहून घ्यायला हवा होता.