लस दिलेल्या कोंबड्या

गगनबावड्याच्या रस्त्याला माझ्या थोरल्या भावाचं पोल्ट्रीचं शेड होतं. मी कोल्हापुरात कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या कोंबड्या शिंकायला लागल्या आणि अंडी सुरकुतलेली निघू लागली. तपासणीत कोंबड्यांना लागण करणारा कोरोना विषाणू सापडला.

"लस दिलीती की," भाऊ म्हणाला. "मग आला कसा?"

मी सांगितलं, हा विषाणू पेशीत शिरून तिच्याच सामानातून आपल्या प्रती काढतो. हे काम तो पातळ पडद्यांच्या पिशव्यांत लपून करतो, म्हणून शरीराला उशिरा सुगावा लागतो. प्रती काढताना चुका होतात, त्याचे बाहेरचे काटे बदलतात आणि जुन्या लसीची प्रतिपिंडं त्याला नीट ओळखत नाहीत.

"तुला सगळं ठावं हाय. मग औषध सांग."

"त्याला मारणारं औषध न्हाय, दादा."

तो शेडात गेला. कोंबड्यांच्या शिंका थांबल्या, पण अंडी सुधारली नाहीत. शेवटी त्यानं सगळ्या कोंबड्या विकून टाकल्या. यंदा वर्गात विषाणूचा हाच धडा शिकवताना मुलं मुकाट्यानं लिहून घेत होती, औषधाचं कुणीच विचारत नव्हतं आणि मला उगाचच त्यांचा राग येत होता.